ढोलाच्या नाकात हाड

१२ डिसेंबर, पळसदरी

वाद्यांची ओळख करून देणाऱ्या सिनेमात व्हायोलिनला राजकन्या करायचं आणि ढोलाच्या नाकात हाड घालून त्याला रानटी करायचं, हे कुणाला सुचलं असेल? जुनं कार्टून, हेडसरांनी आज माझ्या चौथीला मोठ्या कौतुकाने दाखवलं. नाकात हाड म्हणे. पोरं खिदळली. एक जण ओरडला, "प्राची, तुझा बापूस बी असाच नाचतो काय गं?" तिचे वडील लग्नांत खालू बाजात ढोल वाजवतात.

सरांशी बोलले. "अहो मॅडम, मुलांना जगातलं संगीत कळायला नको?" आणि यांच्याच मुलाची हळद त्याच ढोलावर नाचून झाली. तेव्हा कुठे होतं हाड?

शाळा सुटल्यावर प्राची आली. "बाई, संमेलनातलं माझं नाव खोडा. मला नाय वाजवायचा ढोल."

"मी शेजारी टिमकी धरली तर?"

"तुमाला येते?"

"नाय."

"मग शिकवावी लागंल," म्हणाली, पहिल्यांदा हसून.

घरातली पहिली पदवीधर बाजा बडवणार म्हणून आई बोलेल. बोलू दे. प्राचीच्या नावाखाली माझं नाव लिहून यादी हेडसरांच्या दारावर चिकटवली, मगच घरी आले.