उशीमागे सरासरी

१ मार्च, सकाळ
उशीत कापूस भरायचं मशीन आलं. अठरा हजार रुपये. ही म्हणाली, महिनाभर बघू. उशा खपल्या नाहीत तर मशीन परत, आणि मी मुकाट्याने तिच्या भावाच्या दुकानात गल्ल्यावर. मेहुण्याने माझी खुर्ची आतापासूनच पुसून ठेवली आहे म्हणे. पुसू दे. मी गणिती माणूस आहे. (शाळेत छत्तीस मार्क. पण पेपर अवघड होता.)
संकल्प: रोज पाचला उठणे. आजचं हुकलं.

१ मार्च, संध्याकाळ
मुलगी नववीत आहे. तिच्या वहीवरून बीजगणित ताजं केलं. समजा उशा क्ष. मशीनचे अठरा हजार ठरलेले, एक उशी करा नाहीतर हजार करा. कापड-कापूस-शिलाई धरून उशीला नव्वद. एकूण खर्च १८०००+९०क्ष. त्याला क्षने भागलं की उशीमागे सरासरी: १८०००/क्ष+९०. म्हणजे उशा वाढल्या की सरासरी उतरणार! रोमांच उभे राहिले.
सरासरी दीडशेवर आणायला किती उशा? तीनशे. मुलीने दोन ओळींत काढलं, मला दीड पान लागलं. माझी रीत सखोल आहे.

२ मार्च
पहिली उशी तयार. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर किंमत विचारायला आले. मी लबाडी करत नाही. क्ष एक, म्हणून १८,०९० सांगितले. मास्तरांनी उशी अलगद खाली ठेवली. मग म्हणाले, क्ष वाढला की येतो.
पहिलं गिऱ्हाईक जवळजवळ मिळालंच.

५ मार्च
दहा उशा. सरासरी १,८९०. दारावर पाटी लावली: ‘आजची सरासरी’. खाली खडूने आकडा, रोज बदलणार. असा पारदर्शक कारभार कुणी केला आहे?
नऊला उठलो. कापसाने झोप गाढ लागते.

१२ मार्च
शंभर उशा, सरासरी २७०. अख्खी गल्ली पाटी वाचून जाते. विकत कुणी घेत नाही, पण गणिताची गोडी लागली आहे. हिने विचारलं, यात नफा कुठे आहे. तो सूत्रात नव्हता. तिला म्हटलं, आधी सरासरी, मग नफा. ती चहातला कापूस काढत राहिली.

२० मार्च
दोनशे. सरासरी १८०. बाजारात अशीच उशी अडीचशेला मिळते! तरी विक्री शून्य. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, कालच्यापेक्षा आज स्वस्त, आजच्यापेक्षा उद्या. मग आज घेणारा मूर्ख ठरेल. त्यांची जुनी उशी अजून चालते आहे.
माणूस हुशार, पण चिकट.
पलंगावर उशा, पलंगाखाली उशा. मुलगी उशांच्या ढिगावर बसून अभ्यास करते. तिचं डोकं छताला लागतं.

२७ मार्च
तीनशे! सरासरी दीडशे! ठरल्याप्रमाणे!
मास्तर पाटी वाचून म्हणाले, नव्वद झाले की निरोप द्या. मी म्हटलं, नव्वद कधीच होणार नाही, जवळ जवळ जात राहील. ते म्हणाले, मला घाई नाही.
मेहुण्याचा फोन आला. खुर्चीला नवी गादी घातली आहे. उशी हवी का विचारलं. म्हणाला, सहाशे होऊ द्या.
मला खरंच भीती वाटली. गल्ल्यावर बसायची नव्हे, मेहुण्याच्या हसण्याची.

२९ मार्च
ही सकाळी एक उशी पिशवीत घालून बाहेर पडली. जाताना पाटी पुसून गेली. मी चिंतनात होतो. (आडवा.)

३१ मार्च, दुपार
सगळं आटोपलं. मुलींच्या नव्या वसतिगृहाने तीनशेच्या तीनशे घेतल्या, दोनशे दहाने. हिने सरासरी सांगितलीच नाही, नुसती किंमत सांगितली. इतकं सोपं होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?
मशीन राहणार. पुढच्या दोनशेची ऑर्डरही आहे. धंदा ही बघणार, कापूस मी भरणार, पाचला उठून.
हिची नवी हिशेबाची वही चाळली. पहिल्या पानावर ‘स्थिर खर्च’. त्याखाली: ‘मशीन. हे: दोन जेवणं, चार चहा. (उशा होवोत न होवोत.)’
बघा, शेवटी माझंच सूत्र वापरावं लागलं. आणि घरात स्थिर म्हणून नोंद कुणाची, तर माझी! अभिमानाने जरा पडावं म्हणून पलंगावर गेलो.
उशी नव्हती. नमुन्याची उशी तिथेच कुणीतरी स्वतःला ठेवून घेतली, म्हणून तीनशेत एक कमी पडत होती, तर हिने माझी धुऊन दिली.