डाव्या अंगाचे पट्टे

१२ जाने., सोम.

आजपासून ऑफिसला. सकाळी कपाट उघडलं. पट्ट्यांचे कुर्ते जिथल्या तिथे. निळा, काळा, करडा, मोरपंखी आणि तो विटका लाल. खाली पांढरी नाहीतर काळी लेगिंग, संपला विषय. कॉलेजच्या ऑफिसातली इतकी वर्षं या पट्ट्यांवरच काढली. चहा सांडला तरी दिसत नाही, इस्त्री नसली तरी खपून जातं, मॅचिंगचा ताप नाही. पल्लवी म्हणते, आई, तू जेलमधून सुटून आल्यासारखी दिसतेस. दिसू दे. नळाचं पाणी जायच्या आत मला दोन डबे करायचे असतात.

निळा घातला. आरशात बघितलं आणि कॉटवर बसले. उजवीकडचे पट्टे सरळ खाली येतात. डावीकडचे छातीवर आत जातात, पोटाशी परत बाहेर. मिरजेहून आणलेला स्पंजचा कप घातला, तर काखेकडे झुकले. दोनदा कप हलवला. तिसऱ्यांदा रडले. मग पल्लवीची ओढणी घेऊन गेले.

ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर, पिशवी काढली. पुढे कुणी विचारत नाही. आपल्याकडे बायकांची पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालंय.

१३ जाने., मंगळ.

हे आक्कांचं डोकं. आक्का म्हणजे माझ्या वन्सं, रहिमतपूरच्या. ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी ठरवून टाकलं. "छातीचं म्हनून कुनाला बोलायचं न्हाई. पोरीचं ठरल्यालं हाय. आईला झालं की लेकीला बी हुतंय म्हनत्यात लोकं. पिशवी काढली म्हनायचं. लगीन हू दे, मग काय सांगायचं ते सांगा."

ह्यांनी तिथेच मान डोलावली. मग आक्कांनी कॉटपाशी येऊन मला सांगितलं. मीपण डोलावली. नळ्या लावलेल्या होत्या, पण डोलावली.

औंधचं स्थळ. मुलगा सूरज, सातारला नोकरी. बावीस फेब्रुवारीला साखरपुडा, मग लग्न. तोवर पिशवी.

१७ जाने., शनि.

ऑफिसातली सुरेखा काल म्हणाली, "तुझी शिंपीण म्हातारी झाली काय गं, पट्टे तिरके शिवलेत." हसले. ओढणी सारखी फायलींत अडकते, काढून ठेवली होती तेवढ्यात तिनं बघितलं.

आज मंगलकडे गेले. माझे सगळे कुर्ते तिनंच शिवलेत. दार लावून घेतलं आणि तिला खरं सांगितलं. घराबाहेर पहिल्यांदाच. तिनं पिना तोंडातून काढल्या, नीट बघितलं.

"ताई, पट्ट्याला काय लपवायला येत न्हाई. खिशाचा पट्टा सुताएवढा सरकला तर गिऱ्हाईक वरडतं. ह्ये तर आख्खं अंग हाय. फुलाफुलाचं घ्या आता."

म्हटलं, तू शिवलेले पट्टे सोडून मी आता फुलं घालू? म्हणाली, चहा घ्या.

येताना एक फुलांचा तयार कुर्ता घेतला. गुलाबी. घालून बघितला. काहीसुद्धा कळत नाही. रुखवताच्या टेबलावरचा पडदा दिसते. घडी करून ठेवून दिला.

१८ जाने., रवि.

हे काल रात्रीच्या गाडीनं गावाहून आले. तिकडे ऊसतोड चालू आहे म्हणून दोन आठवड्यांनी. पलटणीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आल्या आल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची सवय आहे. आज माझे पाचही कुर्ते केले. पट्ट्यावर पट्टा बसवून घड्या.

पण झोपायला बाहेरच्या खोलीत. "तुला धक्का लागंल." टाके निघून किती दिवस झाले. लागला धक्का तर लागू दे की. मी बोलले नाही. त्यांनी बघितलेलंच नाही अजून. मला वाईट वाटतं, आणि बघितलं तर त्याहून वाईट वाटेल अशी भीती वाटते.

२१ जाने., बुध.

पल्लवीशी भांडण. ती म्हणते, मी औंधला सांगणार, खोट्यावर संसार नको. मी म्हटलं, तुझा साखरपुडा मोडला तर तुझा बाप गावात तोंड कसं दाखवेल? तर म्हणते, "आणि डॉक्टर मला म्हणाले की तूपण लवकर तपासण्या सुरू कर. त्या मी लग्नानंतर चोरून करायच्या का?"

भाजी करपली.

शेवटी शपथ घातली. माझी. घातली तेव्हाच कळलं की आत्ताच्या दिवसांत स्वतःची शपथ घालणं म्हणजे पोरीचा गळा धरणं. ती पांढरी पडली. उठून आत गेली.

२५ जाने., रवि. रथसप्तमी.

औंध. विहीणबाईंकडे हळदीकुंकू. गाडी करून आक्का, मी, पल्लवी.

साडी नेसले होते. पदर डाव्या खांद्यावरच येतो, सगळं झाकलं जातं. साडी बरी या बाबतीत. निवांत होते. दारात यमाईचा डोंगर दिसतो. विहीणबाईंचं वागणं मोकळं. लय बोलतात, लय वाढतात. "आवं, खावा की, पिशवी काढल्यावर ताकद येत न्हाई लवकर. माझीबी काढल्याली हाय. टाकं कुठनं हायत तुमचं, आडवं का उभं?" मी आडवे म्हटलं. आक्का उभे म्हणाल्या. एकाच वेळी. विहीणबाईंनी दोघींकडे बघितलं आणि लाडू पुढे केला.

मग कासारीण आली. ठरलेलं होतं, विहिणीला डझन डझन बांगड्या भरायच्या. उजवा हात झाला. डावा पुढे करेना मी. डॉक्टरनी दहा वेळा सांगितलंय, काखेतल्या गाठी काढल्यात, डाव्या हाताला सुई नको, बीपी नको, घट्ट काही घालू नको. आक्कांनी पिशवी म्हणायला शिकवलं, पण हाताचं काय म्हणायचं ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"दुखतोय जरा," म्हटलं.

"पिशवीचा आन् हाताचा काय संबंध?" कासारीण.

सगळ्या बायका थांबल्या. सवाशिणीनं रथसप्तमीला बांगडी नको म्हणायचं. पल्लवी उठायला लागली. आक्का दातांतून म्हणाल्या, "भर गं सुमन. एवढ्यानं काय हुतंय."

दिला हात. विहीणबाईंनी स्वतः कोपराला धरलं, कासारणीनं साबण लावून एकेक चढवली. बारा. हिरव्यागार. विहीणबाई म्हणाल्या, शोभून दिसत्यात.



२६ जाने., सोम.

हात सुजला. मनगटावर बांगड्या रुतल्या, सरकेनात. पल्लवीनं पाट्यावर हात ठेवून वरवंट्यानं एकेक फोडली. बांगडी वाढवली म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही. नवरा धडधाकट असताना डावा हात मोकळा केला माझ्या लेकीनं. मला राग आला नाही. तिला रडू आवरत नव्हतं. म्हणाली, "एकदा तरी नको म्हण ना गं आई."

फोनवर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मी हितं गावात बसून करतोय तरी काय?" एवढंच. फोन ठेवला.

२८ जाने., बुध.

डॉक्टर रागावले. सूज उतरेल, पण हा हात आता कायमचा सांभाळायचा. सूज दाबून ठेवायचा खास मोजा दिलाय, बोटांपासून खांद्यापर्यंत. उशीवर हात ठेवून बसायचं. परत रजा टाकली. घरात तोच विटका लाल कुर्ता. कप नाही, ओढणी नाही. पट्टे जाऊ देत कुठे जायचे ते.

१ फेब्रु., रवि.

विहीणबाई येऊन गेल्या. न कळवता. मिरजेला भाच्याकडे आल्या होत्या, म्हणाल्या, तुमचं विश्रामबाग वाटेतच पडतंय. पल्लवी बाजारात गेलेली. दार मीच उघडलं. लाल कुर्ता, हाताला मोजा.

आधी हाताकडे बघितलं. मग छातीकडे. पट्टे बघत होत्या त्या, वरनं खाली, डावीकडचे, मग उजवीकडचे. मी ओढणी शोधली नाही. दमले होते.

"पिशवी न्हाई न्हवं?"

"नाही."

सगळं सांगितलं. आक्कांचा जिना, शपथ, वरवंटा, सगळं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मी चहा टाकला एका हातानं. त्या उठल्या नाहीत मदतीला.

तेवढ्यात पल्लवी आली. भाजीची पिशवी हातातच.

"सूरजला म्हाईत हाय?" त्यांनी तिला विचारलं.

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. "हो. रिपोर्ट आला त्या दिवसापासून. आईनं नंतर शपथ घातली. तोवर सांगून झालं होतं."

म्हणजे लेकीनं शपथ मोडली नव्हती. फक्त मला सांगितलं नव्हतं. मी कुणापासून काय लपवत होते इतके दिवस.

विहीणबाई चहाच्या कपाकडे बघत बसल्या. "म्हंजी मी एकटीच ऱ्हायले." मग हळू, "आजाराचं काय न्हाई. कुनालाबी हुतंय. पर तुमचा कोपर मी धरला हुता. माझ्या हातानं. मला म्हाईत आसतं तर धरला आसता का वं?"

मी माफी मागितली. हो नाही, ठीक आहे नाही, काही म्हणाल्या नाहीत. चहा अर्धा ठेवून गेल्या. खाली रिक्षापर्यंत पल्लवी सोडायला गेली.

टेबलावर एक पुडकं राहिलं. उघडलं तर कापड. सुती, निळसर, बारीक उभे पट्टे. एका कुर्त्यापुरतं. पल्लवीनं कधीतरी सांगितलं असणार, आईला पट्टे लागतात. हे त्यांनी खरं कळायच्या आधी घेतलेलं. द्यायला म्हणून आणलं होतं आणि देऊन गेल्या की विसरून गेल्या, कळायला मार्ग नाही.

२ फेब्रु., सोम.

सूरजचा फोन. आई घरी काही बोलत नाही, जेवत मात्र आहे म्हणाला. मी समजावतो. पल्लवीला म्हटलं, बाई, माझ्यामुळे. म्हणाली, तुझ्यामुळे नाही, आक्कांच्या जिन्यामुळे.

आक्कांचाही फोन आला. मी घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

४ फेब्रु., बुध.

हे काल आले. ऊस सोडून, आठवड्याच्या मधेच. रात्री आतल्या खोलीत झोपले. अंधारात म्हणाले, "दाखव." मी नको म्हटलं. पल्लवीनं शिकवलेलं पहिलं नको नवऱ्यालाच वापरलं. म्हणाले, "बरं. तुला वाटंल तवा." पण उठून बाहेर गेले नाहीत.

६ फेब्रु., शुक्र.

औंधहून फोन नाही. साखरपुड्याचा हॉल अजून आपल्याच नावावर आहे. कापड पुडक्यातच. लग्न मोडलं तर ते परत करावं लागेल, घडी मोडलेली चालणार नाही. जमलं तर साखरपुड्याच्या आधी शिवून अंगावर दिसलं पाहिजे, नाहीतर म्हणतील, दिलेलं आवडलं नाही.

संध्याकाळी मंगलकडे घेऊन गेले. तिनं हात फिरवला, कापड चांगलं आहे म्हणाली. टेबलावर पसरायला लागली.

"घडी मोडू नको, कापू नको. नुसतं माप घेऊन ठेव."

"माप हाय की माझ्याकडं तुमचं."

"ते जुनं आहे."

तिनं टेप काढली. वहीत माझ्या नावापुढचं जुनं माप खोडलं. उजवीकडचं घेतलं, लिहिलं. मग डावीकडचं घेतलं आणि वेगळं लिहिलं. "दोन्ही बाजू येगळ्या बेतल्या तर पट्टं सरळ पडतील," म्हणाली. "कवा टाकू कात्री?"

सांगते म्हटलं. कापड पुडक्यात घालून घरी आणलं. दारात पल्लवी उभी होती, हातात फोन. मी बघितलं तिच्याकडे. तिनं मान हलवली. अजून नाही.