खटक्याजवळची खूण

टॅला, डब्लिन
२ एप्रिल २०२५

चि. इंद्रनील यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल क्षितिजाकडे सुखरूप पोचले. तुझी बहीण मला पायलीभर बोलते आणि तू फोनवर नुसता ‘हो’ नाहीतर ‘नाही’, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच बंद करता येत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तू बाहेर गेलास. देव घासून झाले, भिजवलेली चिंच उरली. तुझ्या खोलीतल्या प्रेसमध्ये (कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हे मला आता पाठ झालंय) ते सात अमेरिकन ड्रम, त्यातला एक काळाकुट्ट. खालच्या तारा सैल करायचा जो खटका आहे, त्याच्या शेजारी अंगठ्याएवढी जागा पिवळीधमक. म्हटलं, अगंबाई, हे तर पितळ! कुणीतरी एवढंसंच घासून सोडलेलं. मग बसले तारेची घासणी घेऊन, चार तास. तुला खूश करायचं होतं रे.

तू आलास, पाहिलंस आणि मटकन खाली बसलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. जन्म मिरजेत गेला, दारोदार तंबोरे वाळताना पाहिले, आणि वाद्य भांड्यासारखं घासलं! तुझे बाबा असते तर वर्षभर हसले असते. पण तुझे डोळे भरले होते का, ते खरं सांग.

क्षितिजा ठीक. लोभ आहेच, तो एका ड्रमपायी आटू देऊ नकोस.

तुझी आई

डंडॉक
६ एप्रिल २०२५

ती. आईस शि. सा. नमस्कार.

राग आला नव्हता म्हटलं तर खोटं होईल. आता बराचसा उतरलाय.

तो मळ नव्हता गं. शंभर वर्षांपूर्वी शिकागोत पितळेवर चढवलेला काळ्या निकेलचा मुलामा होता. अख्खं कडं एकाच पत्र्यातून काढलेलं, सांधा नाही. काठी नुसती टेकली तरी बोलतो. आमच्यासारखे वेडे यासाठी समुद्र ओलांडतात आणि एकच बघतात, मूळचं काही बदललेलं नको. डब्लिनच्या हरीशला फोटो पाठवला, तर म्हणाला, आता ही परात झाली.

पण डोळे भरले ते त्यासाठी नाही. तो ड्रम माझा नाहीच. पलीकडच्या घरातल्या युजीनचा आहे. त्याच्या मामाने शिकागोहून आणलेला, आणि युजीनने तो चाळीस वर्षं इथल्या डान्स हॉलांतून वाजवला. दर गाण्याला अंगठ्याने खटका ओढायचा, त्याने मुलामा झिजून ती पिवळी खूण पडली होती. कमरेच्या ऑपरेशनला जाताना ड्रम माझ्याकडे ठेवून गेला. पुतण्यांकडे दिला तर ते चकचकीत करतील म्हणाला! खूण दाखवून म्हणाला, मी होतो याचा एवढाच पुरावा.

आता सगळाच ड्रम पिवळा. त्यात ती खूण कुठली शोधायची? ईस्टरला तो घरी येतोय. त्याला काय सांगू, तूच सांग.

माया आहे तशीच आहे, तू जेवत जा.

तुझा
इंद्रनील

टॅला
९ एप्रिल २०२५

चि. इंद्रनील यास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. क्षितिजा हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आली तेव्हा मी ओट्याशी रडत होते. कांदा चिरतेय म्हटलं, पण कांदा कुठे होता समोर!

तू काही सांगू नकोस. युजीन यांना सोबत चिठ्ठी लिहिली आहे, ती वाचून दाखव. आईला वाचवायला म्हणून त्यातलं काही गाळशील तर याद राख.

आणि ऐक. तुमचं निकेल मला कळत नाही, पितळ कळतं. उघडं पितळ काही महिन्यांत काळवंडतं, आणि जिथे नेहमी हात लागतो तिथे उजळ राहतं. आपल्या देवघरातल्या घंटेची मूठ मी कधी घासलेली नाही, तरी पिवळी आहे. तेव्हा ड्रम आता घासू नका, पुसू नका आणि कपाटात तर मुळीच कोंडू नका. त्यांना वाजवू दे. खूण येईल परत.

स्वतःचे सहा ड्रम जमवलेस, पण एकही वाजवताना मी तुला पाहिलं नाही. बोलते म्हणून रागावू नकोस.

आठवण ठेवणारी,
आई

डंडॉक
२४ एप्रिल २०२५

ती. आईस शि. सा. नमस्कार.

रविवारी युजीन वॉकर घेऊन आला. ड्रम पाहून विचारलं, माझा कुठे आहे? मी तुझी चिठ्ठी इंग्रजी करून वाचली, एक शब्द गाळला नाही. त्याने खटक्याशेजारी अंगठा फिरवला, बराच वेळ. मग चहा न घेता निघून गेला. ते चार दिवस मला ऑफिसात काम सुचलं नाही.

आज सकाळी परत आला. म्हणाला, मी एक्याऐंशीचा, पितळेला किती महिने लागतात ते आईला नीट विचार. मग बसला आणि वाजवलं. आई, आवाज तोच आहे! दर गुरुवारी येणार आहे. मला म्हणाला, नुसता बघतोस काय, दुसऱ्या काठ्या आण. गल्लीत सगळ्यांना सांगतोय, युअर मॅनच्या, म्हणजे या पठ्ठ्याच्या, आईने माझी चाळीस वर्षं एका दुपारात धुऊन काढली. आणि स्वतःच हसतो.

मला माफ कर. परत ये, तुझी खोली आवरली आहे.

तुझा
इंद्रनील

डंडॉक
१९ मार्च २०२६

ती. आईस शि. सा. नमस्कार. पाडव्याच्या शुभेच्छा.

मिरजेत उन्हं तापली असतील. इथे गुढी वाऱ्याने दोनदा पडली.

ड्रम आता काळपट तपकिरी झालाय आणि खटक्याजवळ पिवळं दिसतंय. तू म्हणालीस तस्संच. हरीश अजून परातच म्हणतो, पण गुरुवारी ऐकायला येऊन बसतो.

युजीनने आज चष्मा लावून खूण पाहिली. म्हणाला, ही माझ्यापेक्षा रुंद आहे. खरंच आहे. दिवाळीपासून त्याच्या अंगठ्यात जोर राहिलेला नाही. खटका मी ओढतो, आणि तो आपला अंगठा माझ्या अंगठ्याला लावून ठेवतो. खूण दोघांची पडली आहे.

लोभ असू दे. चिंच मात्र तिकडेच ठेव.

तुझा
इंद्रनील