कुंकू लावलेली मोटार

प्रिय मामंजी,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहिणारी सून आपल्या किन्हीराजा गावात मी पहिलीच असेन. तुम्ही असता तर पाटीवरून पुसायला लावलं असतं. पण मला अक्षरओळख तुम्हीच करून दिलीत, तेव्हा निम्मा दोष तुमचा! एरवी मी तुमची अजून थट्टा केली असती. आज सुचत नाही. मला फार भीती वाटते आहे, आणि ती सांगावी असं घरात कुणी नाही.

तुमचे चिरंजीव मोटार घेत आहेत. मोटार म्हणजे आपली सर्विस मोटार नव्हे, जिच्यात माणसं, कोंबड्या आणि पोती एकावर एक बसतात. ही शर्यतीची. दोन माणसांपुरती, छप्पर नाही, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी, रंगानं लालभडक. वाशीमच्या एका कापसाच्या जिनातले साहेब विलायतेला परत चालले म्हणून विकत आहेत. दोन दिवस चालवून पाहा, पटली तर घ्या, असं म्हणून त्यांनी ती यांच्या हवाली केली. आज उन्हं उतरली की हे वाशीमला जाऊन कागद करणार, आणि उद्या सकाळी पातूरच्या घाटातून अकोल्याला. मित्रांना दाखवायची आहे ना!

तुम्ही बैल पारखायला जायचात ते मी ऐकलंय. आधी बैलाकडे बघतच नसायचात म्हणे. विकणाऱ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या आणि तो कुठे अडखळतो ते बघायचं. मग खांद्यावर हात, मग खूर, मग उतारावरून चालवून पाहायचं. सगळा तालुका तुम्हाला घेऊन बाजाराला जायचा. आणि तुमचा मुलगा? त्यानं मोटारीचा रंग पाहिला आणि विरघळला.

पण मामंजी, त्यांना बोल लावण्याआधी माझी चूक सांगते. परवा दुपारी अंगणात भोंगा वाजला. अर्धं गाव गोळा झालं. मी भाकरी टाकत होते. बाहेर येऊन पाहते तर हे राजासारखे आत बसलेले! मी धावत घरात गेले, ताट घेतलं, चाकांवर पाणी घातलं, मोटारीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. दारात आलेल्या प्रत्येक बैलाला मी हेच करत आले. हात आपोआप चालले. पण बैल दारात यायचा तो तुमची पारख होऊन. ही मोटार तर पारखायलाच आणली होती! पारख आधी आणि कुंकू मागून, हे मला त्या घडीला आठवलंच नाही.

काल रहीमचाचा आले. वाशीमला मोटारलॉऱ्या दुरुस्त करतात, तेच. यांनीच बोलावलं होतं, तेवढं शहाणपण होतं. चाचा तासभर मोटारीखाली उताणे पडून होते. बाहेर आले ते हात पुसत बसले.

“काय चाचा, पास का नापास?” यांनी हसत विचारलं.

“भाऊ, ही गाडी एकदा उलटली हाये,” चाचा म्हणाले. “पुढच्या चाकांचा आस वाकला होता, तो ठोकून सरळ केला हाये. अन् चाकं वळवणारा दांडा तुटला होता, त्याले झाळ लावून जोडला अन् वरून रंग फासला. मी नखानं खरवडून पाह्यलं. तुमी बी पाहा.”

“पण चालते त मस्त!”

“सरळ रस्त्यानं चालनच. वळणावर जोरात असली का दांडा निखळन. मंग तुमी इकडं फिरवा का तिकडं, चाकं आयकनार नाहीत.”

“कवा निखळन?” मी मधेच विचारलं.

“ते अल्ला जाने, वहिनी. उद्या, नाही त सालभरानं. मी सांगून राह्यलो, वापस करा.”

आणि मग हे काय बोलले ते ऐका. म्हणाले, “चाचा, आता कुंकू लागलं हाये. आमच्या दारातून कुंकू लागलेलं माघारी जात नाही. माह्या आबानं ढवळ्या बैलाले परत केलं नाही, मी हिले कायले करू?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “ढवळ्या लंगडा होता, भाऊ. थकला का बसून जाये. ही गाडी बसनार नाही.”

चाचा गेल्यावर मी खूप विनवलं. देवाची शपथ घातली, रडले, ताटावरून उठले. “तुले मोटारीतलं काय समजते?” एवढंच उत्तर. जास्त बोलले तर म्हणाले, “तूच त लावलं कुंकू.”

आणि एक लाजेची गोष्ट. मला ती मोटार आवडली हो! परवा संध्याकाळी यांनी मला गावाबाहेर फिरवून आणलं. पदर दातात धरून बसले होते. बाभळी भराभर मागे पळत होत्या, हे मोठमोठ्यानं हसत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. तेव्हा पायाखाली काहीतरी थरथरत होतं. मला वाटलं, मोटारी अशाच असतात. आता ती थरथर माझ्या अंगातून जात नाही. भात वाढता वाढता थांबते. घाटाचं वळण दिसतं, आणि पुढचं मी डोळे मिटले तरी दिसतं.

मामंजी, ढवळ्याची गोष्ट गावात अजून सांगतात. बाजारातून आणला, सासूबाईंनी कुंकू लावलं, खांद्यात खोट निघाली, तरी आबांनी शब्दाखातर ठेवून घेतला. नाल्याच्या उतारावर त्याचा खांदा गेला, गाडी उलटली, सासूबाईंचा हात कोपरात कायमचा वाकडा झाला. तरी आबांनी बैल विकला नाही! असं सांगताना लोकांची छाती फुगते. तुमच्या मुलाची सगळ्यात जास्त.

खरं काय ते तुम्ही आणि मी, दोघंच जाणतो. शेवटच्या आजारात मी काढा पाजत होते तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. “यमुने, त्याचा खांदा मले तिसऱ्याच दिवशी समजला होता. परत नेला असता त अख्खा बजार हासला असता, पारखी फसला म्हणून. मले लाज वाटली. ते कुंकवाचं कारण मी मागून जोडलं. पोराले सांगू नको.” मी तुमच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली.

काहून घेऊ दिलीत मला ती शपथ? सासूबाईंनी जन्मभर डाव्या हातानं भाकऱ्या थापल्या आणि तुम्हाला एकदाही मुलाजवळ खरं बोलता आलं नाही? तुमच्या लाजेला तुमच्या मुलानं धर्म समजून डोक्यावर घेतलंय, आणि त्या धर्मासाठी ते उद्या घाट उतरणार आहेत!

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला न सांगता शपथ मोडायला मन धजत नाही. ते आता जेवून पडलेत. उठले की मी सगळं सांगणार. त्यांचा विश्वास बसणार नाही, मला खोटारडी म्हणतील, कदाचित माझ्या हातचं जेवणारही नाहीत. विश्वास बसला तर ते आणखी वाईट. मग त्यांच्याजवळ तुम्ही पहिल्यासारखे उरणार नाही. त्याचीही मला भीती वाटते. पण तुमच्याबद्दल ते वेडंवाकडं बोलले तर मी ऐकून घेणार नाही, हे वचन. मरताना का होईना, तुम्ही एका माणसाजवळ खरं बोललात, हेही सांगेन.

खाट वाजली. उठलेत. चूळ भरण्याचा आवाज येतोय.

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मामंजी. तुम्ही गेलात, तुम्हाला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. त्यांना मी जाऊ देणार नाही.

तुमची सून,
यमुना