फोटोपुरती जुनेरं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल वाकडा शब्द कुणी काढलेला मी ऐकला नाही, आणि मीही काढला नाही. पण आज डोकं असं फिरलंय की बोलल्याशिवाय घास उतरायचा नाही.

समाजकार्याच्या कॉलेजनं मला तुमच्या संस्थेत फील्डवर्कला पाठवलं, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. राजारामपुरीतल्या ऑफिसच्या आतल्या खोलीत स्टोव्ह होता. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः चहा केलात, पुढ्यात भडंग ठेवलंत. "आधी खा, मग जगाचं भलं कर," म्हणालात. मी तिथंच विरघळले. तहसील कचेरीत कुठल्या टेबलापाशी चिकाटीनं उभं राहायचं, कुणाच्या दारात गेलं की खुर्ची मागायची नाही, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला आल्या आल्या त्याचं नाव विचारायचं नाही, हे सगळं तुमच्याकडून शिकले. कॉलेजात यातलं काही शिकवत नव्हते. घरी आईला तुमचं कौतुक ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

मग तो राधानगरीकडचा दिवस. शिलाई मशीनचं वाटप आहे, मुंबईचे देणगीदार आलेत, देवळाच्या आवारात मांडव आहे. जीपमधून मी एक गाठोडं उतरवते. आत जुनेरं आहेत, विटलेली, ठिगळं लावलेली. मला वाटतं, वाटायला आणलीत. बायका येतात त्या सगळ्या नटून. येणारच की! चारचौघांत नाव पुकारणार, पाहुण्यांच्या हातून वस्तू मिळणार, म्हणजे आमच्याकडं ठेवणीतलं निघतंच. एक जण तर लग्नातला हिरवा शालू नेसून, भावजयीची ठुशी मागून घालून आलेली. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन पोरी, लोकांचे ब्लाउज हातानं शिवून डोळे अधू झालेले. मशीन मिळालं की भावाचं घर सोडून वेगळी खोली घेणार होती. तिच्या घरी चौकशीला मीच गेले होते.

तुम्ही तिला खालपासून वरपर्यंत बघितलंत. "लग्नाला आलीयस काय गं? अशीला बघून कोण मशीन देईल? जा, ह्यातलं एक नेस. फोटो झाला की परत दे." आणि गाठोडं माझ्या हातात दिलंत. बाकीच्या गपगुमान देवळामागं जाऊन नेसून आल्या. ती हलली नाही.

"बाई, पावण्यांच्या म्होरं जुनेर नेसून हुबी ऱ्हाऊ व्हय? आमच्यात न्हाय तसं करत."

"मग मशीन दुसरीला जाईल."

"जाऊ दे की," म्हणाली, पदर सावरला आणि चालायला लागली. तुम्ही शांतपणे पुढचं नाव पुकारलंत.

परतताना जीपमध्ये मी तोंड उघडलं. "नाक मुरडू नकोस," तुम्ही म्हणालात. "गरीब माणूस गरीब दिसावा लागतो. दिसला नाही की देणारा हात आखडतो." ती भावाकडंच राहिली. जुनेरं नेसलेल्या बाकीच्यांचा फोटो तुमच्या अहवालावर छापून आला, आणि मी फील्डवर्कची जागा बदलून घेतली. तुमच्या शोकसभेत लोक ढसाढसा रडले. मी मागं उभी होते. शिसारी आली तशी बाहेर निघून आले.

आता आजऱ्याला माझी स्वतःची लहानशी संस्था आहे. गाठोडं ठेवत नाही. काजू फोडणाऱ्या बायकांसाठी यंत्रं मागितली होती, तर देणगीदारांनी आधी फोटो मागितले. मी बायकांना सांगितलं, मनाला येईल ते नेसून या. आल्या की गजरे माळून, एकमेकींना कोपरखळ्या मारत. फोटो पाठवले, आणि आज देणगीदार साहेबांचा फोन आला. "मॅडम, या काही गरजू वाटत नाहीत हो." यंत्रं दुसऱ्या तालुक्यात जाणार.

फोन ठेवला आणि तुम्ही आठवलात. तुमचं म्हणणं खरं निघालं, बाई, आणि त्याचीच मला किळस येते. तुमच्या तोंडावर हे मी मेले तरी कबूल केलं नसतं, म्हणून लिहून काढलं; हा कागद घरातच राहणार. उद्या बायका येतील. यंत्रांचं नंतर विचारतील, आधी फोटो बघायला मागतील, चांगले आलेत का म्हणतील. फार चांगले आलेत.