फडक्याखालची फट

।। श्री ।।
सांगली, दि. ६ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
चिंतामणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र टाइप केलंय म्हणून परकं समजू नकोस, कामाची नुसती धांदल आहे. एस.टी.च्या पार्सलने नव्या रेडिओचा लाकडी ठोकळा पाठवलाय. नेहमीसारखं डोळ्यांना फडकं बांध, तो हातात घे, आणि आवाजाचं बटण कुठलं नि स्टेशनचं कुठलं ते कळव. आधी लाकूड, मग कागदावर आराखडा, ही माझी खोड तुला माहीत आहेच. नजर गेल्यावर आई रेडिओ चाचपायची आणि आवाज वाढवायला जाऊन स्टेशनच घालवून बसायची. तेव्हाच मी ठरवलं होतं की डोळे मिटून लावता येईल असा सेट करायचा. ‘सोबती’ तसा झालाही. बावीस वर्षांत तो पलूसपासून माणातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेला, पलटणीत गेला. आता मोठ्या मोठ्या कंपन्या त्याच्या बटणांची नक्कल करतात. त्यात निम्मा वाटा तुझ्या फडक्याचा.

पण अक्का, आता गळ्याशी आलंय. आमचे मालक नानासो सरळ माणूस, पण तेही थकले. बाहेरून आलेल्या चिमुकल्या सेटांनी बाजार खाल्लाय. त्यांनी मला बोलावून सांगितलं की दसऱ्यापर्यंत नवा सेट दाखवा, नाहीतर कारखान्याला कुलूप लावतो. कुपवाडला साठ माणसं कामाला आहेत. सकाळी सायकली, लुना लावताना सगळी माझ्या तोंडाकडे बघतात. काय करू सुचत नाही. तुझा होकार आला की धीर येईल.

मागच्या महिन्यात जिन्यावरून पडलीस म्हणे. जप गं बाई, एकटी असतेस.

तुझा,
चिंतू

।। श्री ।।
सातारा, दि. १५ ऑगस्ट १९९४

चि. चिंतामण यास शकुंतलेचे अ. उ. आ.

राखी सोबत आहे. अक्षर बघून दचकू नकोस. मनगट लचकलंय, म्हणून मी सांगतेय आणि समोरच्या घरातली पूजा लिहितेय. कॉलेजात जाते, गुणी पोर आहे.

ठोकळा पोचला. आता मी रागावणार आहे, मुकाट्याने ऐकून घे. हे काय पाठवलंस रे? पूजाने बघितल्याबरोबर विचारलं की आजी, हे कुणा लहान मुलाने केलंय का. एक बटण भलं मोठं, दुसरं बारकं, खाचा तिरप्या, कडा ओबडधोबड. तुझ्या हातचा ठोकळा म्हणजे कसा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत! साठ घरांचा प्रश्न आणि तू असली पाट्या टाकायची कामं करतोस? आई असती तर पाठीत धपाटाच घातला असता. बोटं जागेवर गेली हे खरं, पण असलं वेडंवाकडं विकत कोण घेईल? नीट दुसरा करून पाठव.

जिन्याचं उगाच उगाळू नकोस, चपलेत पदर अडकला होता. सौ. लीलाला आणि स्वानंदीला आशीर्वाद. माया आहे म्हणून बोलते, हे लक्षात ठेव.

तुझी,
अक्का

।। श्री ।।
सांगली, दि. २३ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

राखी स्वानंदीने बांधली. बांधताना, बाबा हात हलवू नका की, म्हणून माझ्यावर रागावली. मी हलवत नव्हतो, अक्का.

गेले आठ महिने उजवा हात माझं ऐकत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. म्हणून पत्रं टाइप करतोय. लीलालाही सांगितलेलं नाही. चहा बशीत सांडला की मी चिडल्याचं सोंग करतो आणि उठून जातो. ठोकळा मीच केला. आमचा सिद्धू सुतार सारखा म्हणत होता की साहेब, द्या हिकडं, तुमी निस्तं सांगा, मी तासतो. मी त्याच्यावर खेकसलो. पटाशी हलली म्हणून खाचा खोल आणि तिरप्या गेल्या. बटण मोठं ठेवलं, कारण बारीक बटण माझ्याच चिमटीत राहत नाही. तुला कळणार नाही असं वाटलं होतं. तुला कळलं, म्हणजे संपलंच सगळं.

रेघ सरळ येत नाही त्या माणसाने काय करायचं? तीस वर्षं दुसरं काही शिकलो नाही. ‘सोबती’ला मिळालेलं बक्षीस भिंतीवर आहे, मी त्याकडे पाठ करून बसतो. राजीनामा लिहून ठेवलाय. गणपती विसर्जन झालं की नानासोंच्या हातात देणार. मनात काय काय येतं ते लिहिलं तर घाबरशील, म्हणून लिहीत नाही.

रागावू नकोस एवढंच मागणं.

चिंतू

।। श्री ।।
सातारा, दि. ३१ ऑगस्ट १९९४

चि. चिंतामणा, अनेक आशीर्वाद.

राजीनामा देऊ नकोस. आधी हे पूर्ण वाच. पूजा लिहिताना डोळे पुसतेय, तेव्हा डाग पडले असतील.

माझं मनगट लचकलेलं नाही. मला दिसत नाही, चिंतू. काचबिंदू. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला, उजवा शिमग्याच्या सुमारास. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. तुझ्या डोक्याला आधीच ताप, म्हणून लपवलं.

आता दुसरं सांगते, त्याला जीभ रेटत नाही. फडकं मी कधीच घट्ट बांधलं नाही. नाकाशेजारी फट राहायची, त्यातून मला दिसायचं. पहिल्या वेळी तू समोर बसला होतास, तोंड एवढंसं करून. मी चुकले असते तर तू ते लाकूड चुलीत घातलं असतंस. म्हणून बघितलं आणि बरोबर सांगितलं. मग तीच सवय लागली. बावीस वर्षं मी तुला फसवलं.

आणि ते माझ्याच पदरात आलं. नजर गेल्यापासून तुझा ‘सोबती’ मला लावता येत नाही. दोन्ही बटणं बोटांना सारखीच लागतात. बातम्या लावायला जाते आणि नुसती खरखर. अगदी आईसारखी बसते, मग पूजाला हाक मारते. किती रडले म्हणून सांगू!

हा ठोकळा वाकडा आहे असं पूजाचे डोळे म्हणाले, माझी बोटं नाही म्हणाली. कालपासून वीस वेळा उचलला. उलटा धरला, पदराखाली धरला. वीसही वेळा सापडलं. तुझ्या हाताने पहिल्यांदाच बरोबर केलंय रे. मला शिव्या दे, बोलू नकोस, पण तो ठोकळा नानासोंना दाखव. आणि लीलाला सांग.

अपराधी,
अक्का

।। श्री ।।
सांगली, दि. २५ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, भयंकर राग आला. बक्षीस काढून माळ्यावर टाकलं. दोन दिवस जेवलो नाही. ज्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखतात तीच खोटी निघाली, आणि तू अंधारात बसलीस त्याचंही मला काही ठाऊक नाही. कुणावर रागवावं तेच कळेना.

मग लीलाला हात दाखवला. ती म्हणाली की तिला संक्रांतीपासून माहीत आहे. म्हणूनच ती मला अर्धाच कप चहा देत होती.

ठोकळा नानासोंकडे नेला. त्यांनी डोळे मिटून तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले की साहेब, चीज हाय, पर दुकानात गिऱ्हाईक डोळं उघडं ठिवून येतंय. राजीनामा मी दिला नाही, पण ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर कुलूप लागणार. मला त्या साठ जणांसमोर मान वर करवत नाही.

पण कुलूप लागायच्या आत एक सेट होईल. तुझा. सिद्धू तासतो आणि मी सांगतो. त्याचा हात फार सरळ जातो, वाकडं जाऊ दे म्हणून त्याच्या मागे लागावं लागतं. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तोच मांडू, आणि दसऱ्याला मी स्वतः घेऊन येईन. पहिल्या वेळेसारखा समोर बसेन. चुकलीस तर चुकले म्हण. आता चुलीत घालायला माझ्याजवळ दुसरं लाकूड नाही.

राग ओसरला, लोभ होता तिथेच आहे.

तुझा,
चिंतू

ता. क. चि. पूजास, बाळ, हे पत्र मी माझ्या हाताने लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर थांबून थांबून वाच, पण अक्काला लिहिलंय तेच सांग. तिला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस.