आवाज आहे, चित्र नाही

आत-बाशी, ४ मार्च

चि. ऐझिरेक हिस, आईचे अ. उ. आ.

सागिन ड्रायव्हरने तुझं पत्र आणि पेनड्राइव्हचं पुडकं पोचवलं. दोलोन घाटात बर्फ होतं म्हणून उशीर झाला, एवढंच.

शेजारच्या गावातल्या लग्नाचा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकलाय, त्यात बाबा नवरानवरीला आशीर्वाद देतायत, हे वाचलं आणि तशीच उठले. ते गेल्यापासून टीव्हीवर घातलेलं पांघरूण काढलं आणि पेनड्राइव्ह मागे लावला. ह्यांचा आवाज खोलीभर झाला. पडदा मात्र काळाच. मध्येच कुणी फटकळ बाई त्यांना म्हणते की पुरे, बसा आता, लोकांचं मटण थंड होतंय. कोण होती कोण जाणे.

बुरुल जाऊबाई इथेच होत्या. म्हणाल्या, सैरा, वर्ष पुरं व्हायच्या आत पांघरूण काढलंस. तू काळ्या कपड्यांत आहेस तोवर तोही काळ्यातच राहणार. मला ते पटलं. पांघरूण परत घातलं. गुरुवारी नेहमीसारखे ह्यांच्यासाठी कणकेचे बोर्सोक तळले, वास त्यांच्यापर्यंत जावा म्हणून, आणि पांघरुणाखालून येणारा आवाज ऐकत एकटीच बसले.

भिंतीवरचा फोटो पासपोर्टचा. त्यात ते कुणावर तरी उखडल्यासारखे दिसतात. हल्ली डोळे मिटले तरी तोच चेहरा समोर येतो. हसताना कसे दिसायचे, ते निसटत चाललंय गं. एप्रिलात वर्षाचं जेवण झालं की हे काळे कपडे उतरवायचे. त्याआधी एकदा त्यांना हसताना बघायचंय.

वेळेवर जेवत जा. आईची आठवण काढतेस, तशीच काढत राहा.

तुझी आई

बिश्केक, ९ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

काकूंना सांग, बाबांना दोष देऊ नका. दोष आपल्या म्हाताऱ्या टीव्हीचा आहे. मी शिवणकाम करते, तर तशाच भाषेत सांगते. व्हिडिओ म्हणजे एक गाठोडं. वरून सगळी गाठोडी सारखी, पण आत चित्राची घडी वेगळी आणि आवाजाची वेगळी. त्या घडी घालण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. हे चित्र नव्या पद्धतीनं घडी घातलेलं आहे, ते आपल्या टीव्हीला उलगडता येत नाही. आवाजाची घडी जुनी, म्हणून तेवढा ऐकू आला.

चित्राची घडी बदलून दुसरा पेनड्राइव्ह पाठवतेय. पांघरूण काढ. बाबा रागावणार नाहीत. शाळेच्या बैठका बुडवून टीव्हीवर कुस्त्या बघणारा माणूस तो.

कारखान्यात काम खूप आहे. खोलीवर आले की तुझ्या हातचा चहा आठवतो. लेकीवर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ऐझिरेक

आत-बाशी, १५ मार्च

चि. ऐझिरेक हिस, अ. उ. आ.

आता चित्र आहे, आवाज नाही. तुझ्या कोडेकला माझा नमस्कार.

पण दिसले गं. ती उंच टोपी, बटण तुटलेला कोट. तळवे पसरून आशीर्वाद देतात, ओठ हलतात. मग मध्येच थांबतात, डावीकडे बघतात आणि हसतात. अगदी दात दिसेपर्यंत. मी पुनःपुन्हा तेवढंच बघितलं.

बुरुलबाईही बघून गेल्या. म्हणाल्या, तिकडे नवरीची मावशी उभी असेल, भारी देखणी होती. मीही हसले. त्या गेल्यावर मात्र घर फार मोठं वाटलं. इतकं हसू कुणासाठी, हे आता त्यांना विचारताही येत नाही. मूर्ख म्हण मला. मला दोन्ही एकत्र हवंय.

आईचा हट्ट सहन कर, तुझेही मी पुष्कळ केले.

तुझी आई

बिश्केक, २१ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

चूक माझी. चित्राची घडी बदलताना आवाजाची घडी नवी झाली. या वेळी दोन्ही जुन्या पद्धतीनं घातल्यात आणि घरमालकिणीच्या जुन्या टीव्हीवर लावून बघितलंय. आई, मी ते पूर्ण पाहिलं. जास्त काही लिहीत नाही. तूच बघ.

वर्षाच्या जेवणाच्या दोन दिवस आधी येते. तोवर धीर धर, माझ्यासाठी.

तुझी ऐझिरेक

आत-बाशी, २८ मार्च

चि. ऐझिरेक हिस, अ. उ. आ.

तू का लिहिलं नाहीस, ते कळलं.

ते थांबतात त्याच्या आधीच ती फटकळ बाई ओरडते. मटण थंड होतंय म्हणते, आणि ते डावीकडे वळून हसतात. ती मीच. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येतो? तिकडे नवरीची मावशी नव्हे, मीच होते, हे बुरुलबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, मला आधीच ठाऊक होतं, तुला जरा चिडवलं. खोटारडी आहे.

मी त्यात कुठेच दिसत नाही. चित्र संपतं त्या कडेच्या पलीकडे उभी होते.

तू ये. काळे कपडे उतरवीन, रडणारही नाही फार. पाहुण्यांनी घर भरेल, सामान इकडचं तिकडे होईल. होऊ दे. फक्त माझी बसायची गादी आता टीव्हीच्या डाव्या बाजूला आहे, भिंतीला लागून. तिथून चित्र तिरकं दिसतं, पण ती कुणाला हलवू देऊ नकोस.

वाट बघतेय.

तुझी आई